थंड दिव्याचं गणित

वीज हा विषय लोकांनी उगाच अवघड करून ठेवला आहे. खरं सांगतो, दोन क्रिया आल्या की झालं! व्होल्टला अँपियरने भागा, रोध आला. व्होल्टला अँपियरने गुणा, वॅट आले. तिसरी क्रिया नाही! ज्याला पाढे येतात त्याला वीज येते, आणि मी तर शाळेत गणित शिकवतो. फळ्यावर माझा हिशोब चुकलेला पाहणारा विद्यार्थी अजून जन्माला यायचा आहे.

असं मी परवापरवापर्यंत छातीठोकपणे सांगत असे. आता नाही सांगत. आता घरात कुणी दिव्याचं बटण दाबलं तरी मी मान खाली घालतो.

सगळ्याचं मूळ तो मीटर. मोठ्या हौसेने घरी आणला होता. त्याच्या डोक्यावर खेकड्याच्या नांगीसारखा एक चिमटा असतो. तो तारेभोवती नुसता धरला की तारेतून किती करंट वाहतोय ते आकड्यात दिसतं. खाली दोन पिना असतात, त्या लावून रोध मोजता येतो. आणला त्याच दिवशी मी सगळ्यांना स्वयंपाकघरात गोळा केलं. सगळे म्हणजे आमची ही, माझा मोठा भाऊ दादा, आणि वहिनी. दादा-वहिनी आणि आम्ही एकाच घरात राहतो, चूलही एकच.

मी इस्त्री लावली आणि तारेला चिमटा धरला. "तीन पूर्णांक तीन अँपियर! घरात दाब दोनशे तीस व्होल्ट. भागा! आले साधारण सत्तर ओहम. हा इस्त्रीचा रोध. आता गुणा! सातशे एकोणसाठ वॅट. दादा, इस्त्रीवर काय छापलंय बघ!"

दादाने चष्मा वर केला. "साडेसातशे."

"बघितलंत?"

"पण भावोजी," वहिनी म्हणाल्या, "ते आधीच छापलेलं होतं की!"

"छापलेलं होतं वहिनी, सिद्ध झालेलं नव्हतं!"

मग इस्त्री बंद करून, गार होऊ देऊन, मी पिना लावल्या. मीटर म्हणाला, सत्तर! बटणही न लावता तोच आकडा! तिथेच माझ्या डोक्यात ती घातकी कल्पना शिरली. म्हणजे वस्तू चालू करायचीच कशाला? बंद असतानाच रोध मोजायचा, दाबाला रोधाने भागून करंट काढायचा, पुन्हा गुणून वॅट काढायचे. ना शॉक, ना धोका. आधी गणित, मग बटण! हे मी इतक्या जोरात म्हणालो, की वहिनींच्या हातातलं पातेलं खाली पडलं.

"बरोबर आहे की नाही?" मी हिला विचारलं.

"तुम्ही म्हणताय तर असेल," ही म्हणाली.

आमच्या हिचा स्वभाव हा असा, एकदम थंड. लग्न झाल्यापासून तिने मला कधी विरोध केल्याचं आठवत नाही. मी पंखा उलटा बसवला तेव्हाही ती "तुम्ही म्हणताय तर असेल" म्हणून कोपऱ्यात जाऊन बसली होती. मला वाटायचं, नशीब काढलं!

आता नाटकाकडे येतो. यायलाच हवं, टाळून टाळून किती टाळणार!

आमच्या वसाहतीच्या क्लबाने एकांकिकांची स्पर्धा ठेवली होती. शेजारचे पोस्टमास्तर नाटकं लिहितात. त्यांनी एक नाटक लिहिलं आणि बसवायलाही घेतलं. नाटकातल्या बाईचा नवरा परगावी गेलेला असतो, ती त्याची वाट बघत असते. एकदा फोन वाजतो. ती उचलते, ऐकते, आणि एक शब्दही न बोलता खाली ठेवते. मग बराच वेळ ती नुसती उभी असते. बोलायचं काही नाही, सगळं चेहऱ्यावर. आणि शेवटी समोर बसलेल्या डॉक्टरांना ती एवढंच म्हणते, "चहा ठेवते." पडदा!

या भूमिकेसाठी दोघी पुढे आल्या. एक वहिनी, एक आमची ही. वहिनींचा आवाज असा की त्यांनी आमच्या गच्चीवरून हाक मारली तर पलीकडच्या गल्लीतली चार माणसं "ओ" देतात. पोस्टमास्तरांनी दोघींचं वाचन ऐकलं आणि डोकं खाजवत म्हणाले, "वहिनींचा आवाज फार मोठा आहे. पण मला इथे चेहरा हवाय."

चेहरा हिचा ठरला! वहिनींना विंगेत उभं राहून विसरलेली वाक्यं सांगायचं काम मिळालं. त्यांनी ते घेतलं, पण ज्या रीतीने घेतलं ते पाहून दादा दोन दिवस बाहेर जेवला. डॉक्टरचं काम दादाकडे होतं, त्यामुळे त्याची दोन्हीकडून कोंडी झाली. वहिनींनी मात्र चिडून का होईना, सगळं नाटक तोंडपाठ केलं. "न जाणो, कुणाची तब्येत बिघडली तर!" असं म्हणत त्या रोज हिच्या तब्येतीची चौकशी करत.

एक दिवस मी शाळेतून आलो तर स्वयंपाकघरात ही पाठमोरी उभी. गॅसवर दूध उतू जातंय, हिच्या कानाला फोन, आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा!

"कोण गेलं?" मी ओरडलो.

"कुणी नाही हो. सराव करतेय." तिने डोळे पुसले आणि गॅस बंद केला.

मी खुर्चीत बसलो. इतकी वर्षं ही बाई माझ्यासमोर वावरतेय, आणि तिच्या चेहऱ्यात एवढं काही आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मला खरंच भरून आलं. तिलाही ते दिसलं असावं, कारण तिने त्या दिवशी माझ्याकडे पहिल्यांदाच काहीतरी मागितलं.

"अहो, दिव्यांचं काम तुमच्याकडे आहे ना? मला दुसरं काही नको. फक्त शेवटच्या रांगेपर्यंत माझा चेहरा दिसू दे."

"शेवटच्या रांगेपर्यंत? अगं, रस्त्यावरून दिसेल!" मी म्हणालो.

क्लबाच्या हॉलमध्ये नुसत्या ट्यूबलाइट होत्या, त्यांची बटणंही पार मागच्या दाराशी. म्हणून पोस्टमास्तरांनी आपल्या मेहुण्याच्या बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतून सहा मोठे दिवे आणले. उंच लोखंडी स्टँड, पत्र्याच्या टोप्या, आत काचेच्या नळीत तार. प्रत्येकावर छापलेलं होतं, हजार वॅट. स्पर्धेच्या दिवशी सकाळी ते हॉलमध्ये आले. पोस्टमास्तर पहिला दिवा लावायला निघाले तसा मी त्यांचा हात धरला.

"मास्तर! आधी गणित, मग बटण!"

मी दिव्याला पिना लावल्या. मीटर म्हणाला, चार.

मी पिना पुसून पुन्हा लावल्या. चार! दुसरा दिवा, चार. सहाच्या सहा दिवे, चार ओहम!

"मास्तर," मी म्हणालो, "आपण थोडक्यात वाचलो."

"काय झालं?"

"दोनशे तीस भागिले चार. साडेसत्तावन्न अँपियर! एका दिव्याला! आता त्याला दोनशे तीसने गुणा. तेरा हजार दोनशे पंचवीस वॅट! आणि छापलंय काय, तर हजार! हॉलचा मुख्य फ्यूज साठ अँपियरचा. सहा दिवे लावले तर तीनशे पंचेचाळीस अँपियर!"

"म्हणजे?"

"म्हणजे दुसऱ्या दिव्यात फ्यूज, तिसऱ्या दिव्यात वायरिंग, आणि चौथ्या दिव्यात परीक्षक!"

पोस्टमास्तर दिव्यापासून दोन पावलं मागे सरले. "पण माझा मेहुणा तर याच दिव्यांवर लोकांचे फोटो काढायचा..."

"आणि त्याचा स्टुडिओ बंद का पडला?"

खरं म्हणजे मेहुण्याला परदेशी नोकरी लागली होती म्हणून तो बंद पडला होता, हे त्यांना नंतर आठवलं. त्या क्षणी मात्र मी सगळ्या वसाहतीचा प्राणदाता होतो. मी उठलो, खडू घेतला, रंगमंचाच्या फळ्यांवरच हिशोब मांडला आणि तोड काढली. एकसर जोडणी! सहाही दिवे एकाला एक असे जोडायचे, आगगाडीच्या डब्यांसारखे. सहा चोक चोवीस ओहम. दोनशे तीस भागिले चोवीस, साडेनऊ अँपियर आणि थोडंसं. गुणले की बावीसशे वॅट. म्हणजे एकेका दिव्याच्या वाट्याला साडेतीनशेच्या वर! भरपूर उजेड, आणि फ्यूजला धक्का नाही!

मी प्रत्येक दिव्याच्या तारा सुट्या केल्या, एकाची शेपटी दुसऱ्याच्या तोंडात देत गेलो आणि वरून टेप गुंडाळला. दुपार होत आली. पोस्टमास्तर भीत भीत म्हणाले, "एकदा लावून बघू या का?"

"मास्तर, आठ सत्ते छप्पन्न हे तुम्ही गोट्या मांडून बघता का?"

ते खुर्च्या मांडायला गेले. ही चेहऱ्याला रंग लावून तिथेच उभी होती. किती सुरेख दिसत होती! तिने त्या दिव्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"दिसेल ना हो?"

"गणित आहे ते. चुकत नसतं!"

"तुम्ही म्हणताय तर असेल," ती म्हणाली आणि आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.

हॉल गच्च भरला. खिडक्यांना काळे पडदे लावले, ट्यूबलाइट घालवल्या. तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला आणि मी विंगेतून बटण दाबलं.

काही झालं नाही.

म्हणजे अगदी काहीच झालं नाही असं नाही. नीट निरखून पाहिल्यावर सहा स्टँडवर सहा तारा लालसर झालेल्या दिसल्या, विझत आलेल्या निखाऱ्यांसारख्या. दिवे कुठे आहेत ते कळण्याइतका उजेड त्यांना होता, दिव्यांपलीकडचं काही दाखवण्याची त्यांच्यात ताकद नव्हती. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात, इथे दिव्यातच अंधार!

"अहो, सुरू करा की!" प्रेक्षकांतून आवाज आला.

"सुरू झालंय!" पोस्टमास्तर अंधारातून म्हणाले.

मी तारेला चिमटा धरला. साडेनऊ अँपियर यायला हवे होते. मीटर दाखवत होता एक पूर्णांक सहा! मी तोंडातल्या तोंडात भागाकार केला. दोनशे तीस भागिले एक पूर्णांक सहा, एकशे चव्वेचाळीस ओहम. सकाळी चोवीस होते! दुपारच्या दुपारी दिव्यांनी हा वाढीव रोध आणला कुठून? मी पुन्हा भागलं. पुन्हा तेच. आयुष्यात प्रथमच गणित माझ्याकडे अनोळखी नजरेने पाहत होतं.

रंगमंचावर दादा डॉक्टर होऊन आत आला आणि आधी खुर्चीला, मग कपाटाला धडकला. "काय म्हणते तब्येत?" असं त्याने अत्यंत आपुलकीने कपाटाला विचारलं. हॉल खदखदून हसला. हिने अंधारातून त्याचं बोट धरून त्याला खुर्चीवर बसवलं, आणि नाटक पुढे रेटलं. किती धीराची बाई! मी विंगेत उभा राहून घामाने निथळत होतो.

मग फोन वाजला.

मी अगदी पहिल्या दिव्याला लागून उभा होतो. ही माझ्यापासून चार हातांवर. तिने फोन कानाला लावला, आणि त्या निखाऱ्याच्या उजेडात मला तिचा चेहरा दिसला. सांगता येणार नाही तुम्हाला. आधी आशा होती, मग ती कुठेतरी अडखळली, मग हळूहळू सगळा चेहरा आतून रिकामा होत गेला. एक थेंब गालावर आला आणि त्याच्यात ती लाल तार चमकली. त्या भरल्या हॉलमध्ये ते बघणारा मी एकटा होतो. तिसऱ्या रांगेत कुणीतरी चक्क घोरत होतं!

हे मला सहन होईना. काहीतरी करायलाच हवं होतं. आणि माझ्या डोक्यात पुन्हा गणित चमकलं! दिवे सहा आहेत म्हणून वाटा कमी पडतोय. एक दिवा कमी केला तर उरलेल्या पाचांना जास्त मिळेल! मी खाली वाकलो आणि जवळच्या दिव्याची जोडणी उपटली.

आगगाडीचा डबा काढला की मागचे डबे जागीच राहतात, हे मी सोयीस्करपणे विसरलो होतो. एकसर जोडणीत एक दिवा काढला की सगळ्यांचीच वाट तुटते. मीच शिकवतो हे मुलांना! सहाच्या सहा निखारे विझले. काळाकुट्ट अंधार! आणि त्या अंधारात ही, पोस्टमास्तरांनी सांगितल्याप्रमाणे, एक अक्षरही न बोलता, जीव ओतून अभिनय करत उभी!

पलीकडच्या विंगेत वहिनी होत्या. त्यांना काही दिसत नव्हतं, फक्त शांतता ऐकू येत होती. त्यांची खात्री पटली की धाकटी जाऊ वाक्य विसरली.

"चहा ठेवते!" वहिनींनी कुजबुजून सांगितलं. वहिनींची कुजबुज ती, बाहेरच्या सायकल स्टँडपर्यंत गेली.

ही गप्प. अजून तिच्या चेहऱ्याचं काम संपलं नव्हतं.

"चहा... ठेवते!" वहिनी जरा भावना घालून म्हणाल्या.

शांतता. आता वहिनींना वाटलं, ही चक्कर येऊन पडली. घराण्याची अब्रू वाचवायला हवी! आणि त्या सुटल्या!

"हॅलो? हो, मीच बोलतेय... काय? कधी? कसं झालं हो हे?" असा हुंदका दिला की दादा खुर्चीतून उठून उभा राहिला. "नाही! नाही! खोटं आहे हे! सकाळी तर ते..." यातलं एकही वाक्य नाटकात नव्हतं. फोनवर बाई गप्प बसते हे वहिनींना पहिल्यापासून पटलेलं नव्हतं. फोन आला की माणसाने बोलावं, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. ते त्यांनी तिथे मांडलं! घोरणारा माणूस जागा झाला. बायका मुसमुसू लागल्याचे आवाज आले. मी जमिनीवर रांगत तारेचं टोक शोधत होतो. टोक सापडायच्या आधी वहिनींचं रडणं संपलं, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या कडकडाटात हिने "चहा ठेवते" म्हटलं. ते मला ऐकू आलं, बहुतेक मला एकट्यालाच.

मी तार जोडली, निखारे पेटले, आणि पडदा पडला.

ही माझ्याजवळून गेली. तोंड न धुता, तशीच रंगलेल्या चेहऱ्याने जाऊन प्रेक्षकांत मागच्या रांगेत बसली. मी हॉलबाहेर जाऊन पायरीवर डोकं धरून बसलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे माझ्या आजोबांनी मला लहानपणीच सांगितलं होतं. मला तेव्हा वाटलं होतं, ते दादाबद्दल बोलताहेत.

किती वेळ गेला कोण जाणे. एकदम दाराच्या फटीतून पांढराशुभ्र प्रकाश बाहेर आला. मी दचकून आत डोकावलो. पुढचं नाटक बँकवाल्यांचं होतं. त्यांनी आमचे दिवे मागून घेतले होते, माझे टेप सोडवून प्रत्येकाला वेगळा प्लग जोडला होता, आणि सहाच्या सहा दिवे एकदम लावले होते! तीनशे पंचेचाळीस अँपियर! ऐंशी हजार वॅट! आणि हॉलमध्ये माझी बायको, भाऊ, वहिनी आणि सगळी वसाहत!

विचार करायला वेळ कुठे होता! मी मधल्या वाटेने धावत सुटलो, मीटर हातातच होता. बँकवाल्यांचा नायक रंगमंचावर आईच्या मांडीवर प्राण सोडत होता. मी उडी मारून वर चढलो.

"उठा! पळा सगळे! तेरा हजार वॅट आहेत एकेकात!"

आईने त्याला मांडीवर घट्ट धरून ठेवलं. नायकाने मरायचं थांबवून एक डोळा उघडला. प्रेक्षक जागचे हलले नाहीत, उलट पुढे सरकून बसले. कुणाला वाटलं नाटकातलाच प्रवेश आहे. मी जवळच्या दिव्याकडे झेपावलो, सुट्या तारेभोवती चिमटा धरला आणि सगळ्यांना दाखवायला मीटर वर उचलला. "हे बघा! साडेसत्ता..."

मीटरवर चार पूर्णांक तीन होतं.

मी चिमटा काढला, झटकला, पुन्हा धरला. चार पूर्णांक तीन. फ्यूज शाबूत, वायरिंग शाबूत, परीक्षक शाबूत. आणि मग माझ्या तोंडून, माझी इच्छा नसताना, भागाकार मोठ्याने बाहेर पडू लागला. "दोनशे तीस भागिले चार पूर्णांक तीन... त्रेपन्न ओहम. गुणले की... नऊशे एकोणनव्वद. म्हणजे... हजार वॅट."

ती काचेतली तार गार असताना चार ओहमची होती. पेटून पांढरी झाली की त्रेपन्नची. तापलं की रोध वाढतो! इस्त्रीची तार वेगळ्या धातूची, तिचा वाढत नाही म्हणण्याइतका कमी वाढतो. तिने मला फसवलं. दिव्यावर छापलेला आकडा पहिल्यापासून खरा होता, आणि मी थंड दिवा मोजून तापलेल्या दिव्याचं गणित मांडलं होतं.

"सर," मेलेल्या नायकाने हळूच विचारलं, "झालं असेल तर मी मरू का?"

मी मान हलवली. आणि तेव्हा मला मागची रांग दिसली. सहा हजार वॅटच्या लख्ख उजेडात मी उभा होतो. माझ्या कपाळावरचा घामाचा थेंब न् थेंब शेवटच्या रांगेपर्यंत दिसत असणार. शेवटच्या रांगेत, चेहऱ्याला रंग लावून, माझी बायको बसली होती. ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, ती तार खरोखरच जळावी आणि सोबत मलाही घेऊन जावी.

बक्षीस समारंभाला पळून जाणार होतो, पण दादाने धरून ठेवलं. परीक्षक बाईंनी चष्मा काढून हातात घेतला आणि गहिवरून बोलल्या.

"आज एका नाटकाने आम्हाला थक्क केलं. संपूर्ण काळोख! आणि त्या काळोखातून येणारा फक्त एका स्त्रीचा आक्रोश! चेहरा न दाखवण्याचं हे धाडस..." पोस्टमास्तरांनी तोंडात रुमाल कोंबला. "अभिनयाचं पहिलं बक्षीस त्या आवाजाला!"

वहिनी उठल्या. इतक्या सहजपणे उठल्या, जणू भूमिका पहिल्यापासून त्यांचीच होती. ढाल घेऊन खाली आल्या आणि हिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुझीही साथ चांगली होती हो!"

ही हसली. मला ते हसू आवडलं नाही.

आम्ही घरी आलो. वहिनींनी ढाल बाहेरच्या खोलीत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी लावली. ही स्वयंपाकघरात नाटकाचे कपडे इस्त्री करत उभी राहिली. मी दारात उभा. मी मनापासून म्हणालो, "अगं, मी पाहिला तुझा चेहरा. तो थेंबसुद्धा पाहिला. तुझ्यासारखं काम आज कुणीच केलं नाही."

तिने वर पाहिलं नाही. "तो दिवा थंड होता तेव्हा किती भरला होता?"

"चार ओहम," मी म्हणालो.

"आणि तापल्यावर?"

"त्रेपन्न."

"दिवा तोच?"

"तोच."

तिने इस्त्री उभी ठेवली आणि सावकाश माझ्याकडे वळली.

"लग्न झाल्यापासून तुम्ही मला थंडच मोजत आलात. आज तापलेय. आणा तो मीटर!"

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या क्षणी तो शेवटच्या रांगेपर्यंतच काय, अगदी सायकल स्टँडपर्यंत दिसला असता, आणि त्याला एका वॅटचीही गरज नव्हती. वाक्य सांगायला विंगेतही कुणी नव्हतं. शेवटी जे सुचलं ते म्हणालो.

"चहा ठेवतो."

"भावोजी," बाहेरच्या खोलीतून वहिनी कुजबुजल्या, "माझाही ठेवा!"